नळाचं पाणी आणि हृदयाचा ठोका

हृदयाचा स्नायू आकसतो कसा, आणि तो किती जोराने आकसावा हे ठरतं कसं, या प्रश्नाचा रेणूंच्या पातळीवरचा आराखडा तयार व्हायला साधारण नव्वद वर्षं लागली. पाठ्यपुस्तकात हा इतिहास नावांच्या ओळीने येतो: रिंगर, सेंट-ग्यॉर्गी, दोन हक्स्ली, एबाशी. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि तो तसाच शिकवलाही. पण ते मूळ शोधनिबंध वाचत गेले तसतशी मला त्या नावांखाली दुसरी एक ओळ दिसू लागली: शुद्ध न केलेलं पाणी, रात्रभर तसाच राहिलेला अर्क, धुण्यात वाहून गेलेलं प्रथिन, तपासणीत दिसलेला नकोसा पट्टा. हृदयाबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंचसं या अशुद्धींनी शिकवलं. तोच इतिहास इथे सांगते.

सुरुवात लंडनमध्ये, 1882 साली होते. सिडनी रिंगर हा युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला नावाजलेला वैद्य. रुग्ण तपासण्याच्या कामातून वेळ काढून तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाई. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून, त्यातून मिठाचं द्रावण खेळवत ठेवून ते किती वेळ धडधडतं, हे तो पाहत होता. रक्तातला कोणता क्षार हृदयाला चालवतो, हा त्याचा प्रश्न होता. त्या वर्षीच्या निबंधात त्याने लिहिलं की साध्या मिठाच्या पाण्यावरही हृदय चांगलं चालतं. नंतर मात्र नव्याने केलेल्या द्रावणात तेच हृदय मंदावत गेलं आणि थांबलं. मीठ तेच, प्रमाणही तेच. मग बदललं काय?

बदललं होतं पाणी. आधीचं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलंय, असं रिंगर धरून चालला होता. प्रत्यक्षात ते न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी या प्रसंगाची हकिकत सांगितली आहे. तरुणपणी त्यांनी त्याच प्रयोगशाळेतला फिल्डर नावाचा वयस्क मदतनीस पाहिला होता. डॉक्टरांना फरक कळणार नाही, मग पाणी ऊर्ध्वपातित करण्यात एवढा वेळ कशाला घालवायचा, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं, हे त्याने स्वतःच डेलना सांगितलं. फिल्डरने नळ सोडला आणि हृदय चालू राहिलं.

न्यू रिव्हर ही खरी नदी नव्हे. लंडनला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून हर्टफर्डशायरमधल्या झऱ्यांपासून खोदत आणलेला तो कालवा आहे, 1613 साली पुरा झालेला. तिथली जमीन चुनखडीची, खडूच्या जातीच्या खडकाची. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम असणारच. रिंगरने त्या पाण्याचं पृथक्करण दिलं आहे: दहा लाख भागांत कॅल्शियमचे सुमारे 38 भाग, म्हणजे लिटरमागे 38 मिलिग्रॅम. ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढं कॅल्शियम परत घातलं, की हृदय पुन्हा धडधडू लागे. 1883 च्या निबंधात त्याने हे सारं उघडपणे मांडलं. आधीचं द्रावण नळाच्या पाण्याचं होतं आणि म्हणून आधीचा निष्कर्ष टिकत नाही, हे स्वतःच्या नावानिशी छापलं. रिंगरचा मोठेपणा मला त्या शोधापेक्षाही या निबंधात जास्त दिसतो. ते पाणी निमूटपणे बदलून प्रयोग पुढे नेणं त्याला सहज शक्य होतं.

त्यातून तयार झालेलं द्रावण आमच्या कॉलेजात दर वर्षी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी होत असे. महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी प्रथम डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा ते करायला मला शिकवलं आमच्या प्रयोगशाळेच्या मामांनी. सगळ्या वर्गाचे ते मामाच होते, आम्हा शिक्षकांचेही. एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी. त्यात साडेसहा ग्रॅम मीठ, 0.14 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 0.2 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि 0.12 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. "मॅडम, कॅल्शियम शेवटी. वेगळ्या पाण्यात विरघळवून, थेंब थेंब. आधी टाकलंत तर द्रावण फुटतं, दुधाळ होतं." बायकार्बोनेटशी गाठ पडून कॅल्शियमचा साका खाली बसतो, हे रसायनशास्त्र मला माहीत होतं. पण हात कसा चालवायचा हे मामांना माहीत होतं.

पुढे मी तो हिशेब करून पाहिला. त्या 0.12 ग्रॅम क्षारात निव्वळ कॅल्शियम भरतं सुमारे 43 मिलिग्रॅम. न्यू रिव्हरच्या पाण्यात होतं 38. हर्टफर्डशायरच्या खडकाने जे प्रमाण पाण्यात उतरवलं होतं, ते बेडकाच्या हृदयाला लागणाऱ्या प्रमाणाच्या इतकं जवळ होतं. माणसाच्या रक्तात मोकळ्या स्वरूपात असलेलं कॅल्शियमही लिटरमागे पन्नास मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असतं.

मुलांना आम्ही हेच ड्रमवर दाखवत असू. काजळी धरलेला चकचकीत कागद, फिरणारा ड्रम, हृदयाच्या टोकाला अडकवलेली बारीक आकडी, तिचा दोरा तरफेला, आणि तरफेच्या टोकाने काजळीवर उमटत जाणारी पांढरी रेघ. कॅल्शियमचे थेंब वाढवले की रेघ उंच जाई आणि अखेर हृदय आकसलेल्या अवस्थेतच थांबे. पोटॅशियम वाढवलं की ते सैल पडून थांबे. एकाच स्नायूचे दोन मृत्यू, दोन क्षारांमुळे. जिवंत बेडकांवरचे हे प्रयोग आता वैद्यकीय शिक्षणातून गेले, संगणकावरचे आले. बेडकांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. रिंगरचं द्रावण मात्र गेलेलं नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने 1930 च्या दशकात त्यात लॅक्टेट घातलं, आणि तीच बाटली आज आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातही स्टँडवर लटकलेली असते: आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट.

कॅल्शियम लागतं हे कळलं, पण ते नेमकं करतं काय, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं जायची होती. त्याआधी स्नायूत आकसतं काय, हे शोधणं भाग होतं. ते घडलं हंगेरीतल्या सेगेड या गावी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तिथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी होता. 'क' जीवनसत्त्वाच्या कामासह जीवरसायनशास्त्रातल्या शोधांसाठी त्याला 1937 चं नोबेल मिळालं होतं. 1939 साली मॉस्कोत एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा या जोडप्याने दाखवलं की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन एटीपी या ऊर्जा साठवणाऱ्या रेणूचं विघटन करतं. ते वाचून सेगेडचा गट मायोसिनकडे वळला.

सशाचा स्नायू खिमा करून तीव्र क्षारद्रावणात वीस मिनिटं ठेवायचा आणि अर्क गाळून घ्यायचा, ही त्यांची रीत. एकदा इलोना बंगा या सहकारी संशोधिकेने तो खिमा द्रावणातच रात्रभर राहू दिला. सकाळी अर्क दाट, चिकट झाला होता. एटीपी घालताच तो पातळ झाला. वीस मिनिटांच्या अर्कात हे घडत नव्हतं. म्हणजे रात्रीतून स्नायूतून आणखी काहीतरी उतरलं होतं. हा बिघडलेला अर्क फेकून नवा करणं सोपं होतं. त्यांनी तो ठेवला, त्याचे बारीक धागे काढले आणि त्यावर एटीपी सोडलं. काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, निर्जीव प्रथिनांचा धागा आकसला. जीवनाचं एक लक्षण काचेच्या भांड्यात घडताना पाहणं हा आपल्या आयुष्यातला सर्वांत थरारक क्षण होता, असं सेंट-ग्यॉर्गीने पुढे लिहिलं. शुद्ध मायोसिनचा धागा मात्र आकसत नव्हता. 1942 च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेतल्या ब्रूनो स्ट्राउब याने रात्रीच्या अर्कात उतरलेली ती अशुद्धी वेगळी काढली. ती होती अ‍ॅक्टिन. मायोसिन एकटं निरुपयोगी, अ‍ॅक्टिनही एकटं निरुपयोगी; दोन्ही एकत्र आली की स्नायू होतो. युद्धामुळे हे काम सेगेडच्या विद्यापीठाच्या पुस्तिकांतच अडकून राहिलं. सेंट-ग्यॉर्गी स्वतः गेस्टापोपासून लपून होता. 1945 साली स्वीडनमधून ते छापून आलं तेव्हा जगाला कळलं.

ही दोन प्रथिनं आकसतात कशी, याचं उत्तर 22 मे 1954 च्या 'नेचर'च्या अंकात दोन शेजारशेजारच्या निबंधांत आलं. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रोल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्स्लींचं एकमेकांशी नातं नाही. दोन्ही निबंधांचं म्हणणं एक: तंतूंची लांबी घटत नाही. मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या तंतूवर बाहेर आलेली डोकी असतात. ती अ‍ॅक्टिनला धरतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढं अंतर ओढतात, सोडतात, आणि पुन्हा पुढे धरतात. प्रत्येक वेळी एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो.

आता कॅल्शियमकडे परत येता येतं. 1947 साली अमेरिकेत हाइलब्रून आणि व्हिएर्चिन्स्की यांनी स्नायूच्या तंतूत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले. शरीरात एरवी असणाऱ्या क्षारांपैकी फक्त कॅल्शियमने तंतू आकसला. तरी बहुतेकांना ते पटेना. काचेच्या भांड्यात अ‍ॅक्टिन, मायोसिन आणि एटीपी एकत्र केलं की कॅल्शियम न घालताही काम होत होतं. इथे रिंगरची गोष्ट उलट्या बाजूने घडत होती. कॅल्शियम कोणी घातलं नव्हतं, पण ते होतंच: क्षारांत, काचेत, पाण्यात, मागमूस लागणार नाही एवढं. आणि तेवढं पुरेसं होतं, कारण पेशीच्या आत आकुंचनाला लागणारं कॅल्शियम लिटरमागे मिलिग्रॅमच्या पंचविसाव्या भागाइतकं कमी असतं. अ‍ॅनेमारी वेबर यांनी स्नायूतून काढलेल्या कच्च्या मिश्रणात कॅल्शियमला घट्ट बांधून ठेवणारी रसायनं वापरून हा मागमूसही काढून घेतला. मग प्रथिनं थबकली. मोजून थोडं परत दिलं, ती चालू लागली. अशुद्धी हटवली तेव्हाच तिचं काम दिसलं.

टोकियोत सेत्सुरो एबाशी याच प्रश्नाशी झुंजत होते. स्नायू सैल पाडणारा म्हणून जो 'घटक' सगळे शोधत होते, तो म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्या आहेत आणि त्या एटीपी खर्चून कॅल्शियम आत ओढून घेतात, हे त्यांनी दाखवलं. जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे त्याच निष्कर्षाला पोचले. मग एबाशींना एक विसंगती खटकली. स्नायूतून जसंच्या तसं काढलेलं, कच्चं मिश्रण कॅल्शियमला प्रतिसाद देई. अत्यंत शुद्ध केलेलं अ‍ॅक्टिन आणि मायोसिन मात्र कॅल्शियमची पर्वाच करत नसे. एटीपी मिळताच आकसे. सर्वसाधारण समज असा की शुद्ध नमुना खरा आणि कच्चा फसवा. एबाशींनी उलटं मानलं: शुद्ध करताना काहीतरी वाहून गेलंय. 1963 मध्ये त्यांनी तो तिसरा घटक असल्याचं मांडलं, त्यांची पत्नी फुमिको यांनी त्या कामात साथ दिली, आणि 1965 मध्ये एबाशी आणि आयाको कोदामा यांनी त्यातून एक नवं प्रथिन वेगळं केलं. ते ट्रोपोनिन.

आता चित्र जुळलं. अ‍ॅक्टिनच्या तंतूवर ट्रोपोमायोसिनचा लांबट रेणू अडसरासारखा पडलेला असतो, आणि मायोसिनच्या डोक्यांना जागा मिळत नाही. अ‍ॅक्टिनच्या दर सात रेणूंमागे एक अडसर आणि त्यावर एक ट्रोपोनिन. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं की अडसर सरकतो, डोकी अ‍ॅक्टिनला धरतात. कॅल्शियम सुटलं की अडसर परत जागेवर. ठोक्याठोक्याला, दिवसाला सुमारे एक लाख वेळा, पेशीपेशीत हे घडतं.

हृदयाचं वेगळेपण इथेच आहे. हातापायाचा स्नायू आपल्या पिशव्यांतल्या साठ्यावर चालतो. बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी काही काळ तो आकसत राहतो. हृदयाची पेशी तसं करू शकत नाही. विजेची लाट आली की पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं, आणि ते पिशव्यांना आणखी कॅल्शियम सोडायला लावतं. विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतलं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. ठोक्याच्या वेळी ते दहापट वाढतं आणि लगेच उपसलं जातं. बराचसा भाग पिशव्या ओढून घेतात. उरलेलं सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकणारी पडद्यातली यंत्रणा काढते. बाहेरून येणारा तो पहिला घोट नाही, तर पुढचं काहीच नाही. म्हणून रिंगरचं हृदय ऊर्ध्वपातित पाण्यात थांबलं. 1883 च्या प्रश्नाचं उत्तर पेशीच्या आतून मिळालं.

जोर कमीजास्त होतो तोही इथेच. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयात प्रत्येक ठोक्याला सगळं ट्रोपोनिन कॅल्शियमने भरत नाही. राखीव जागा उरते. जिना भराभर चढताना अ‍ॅड्रेनालिन येतं, दारांतून जास्त कॅल्शियम आत शिरतं आणि पिशव्यांच्या पंपावरचा लगाम सुटतो, त्यामुळे हृदय जोराने आकसतं आणि तितक्याच झपाट्याने सैल होतं. हृदयात रक्त जास्त भरलं की तंतू ताणले जातात, आणि ताणलेले तंतू तेवढ्याच कॅल्शियमला अधिक दाद देतात. जर्मनीत ओटो फ्रँक यांनी 1895 साली आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ड्रमवर टिपलेल्या नियमाचं मूळ हे आहे. औषधानेही हा जोर वाढतो. विल्यम विदरिंग यांनी 1785 साली इंग्लंडमध्ये जलोदरावर फॉक्सग्लव्ह या वनस्पतीची पानं सुचवली, तीही वीसेक वनस्पतींच्या एका घरगुती काढ्यातून कामाची एकच निवडून. त्यातलं औषध पेशीतून सोडियम बाहेर टाकणारा पंप रोखतं, पेशीत सोडियम साठतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणं मंदावतं आणि ठोका जोरदार होतो. हे कळायला पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गेला.

एबाशींच्या काळात धुऊन जाणारं ते प्रथिन आता प्रत्येक अपघात विभागात ओळखीचं आहे. हृदयाच्या ट्रोपोनिनची घडण इतर स्नायूंपेक्षा वेगळी असते. हृदयाच्या पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं. हायडेलबर्गचे हुगो काटुस यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यावरची रक्ततपासणी उभी केली. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला झटका आलाय की नाही, हे आज मुंबईत आणि मिरजेत त्याच प्रथिनावरून ठरतं.

आणि एक अशुद्धी थेट आपल्याशी जोडलेली आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या किंग्ज कॉलेजात जेराल्ड ऑफर आणि रॉजर स्टार हे मायोसिन किती शुद्ध आहे हे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर तपासत होते. नको असलेल्या काही पट्ट्या दिसत. त्यांना अक्षरं दिली गेली. त्यातली 'सी' पट्टी म्हणजे जाड तंतूवर बसलेलं एक नवंच प्रथिन निघालं, मायोसिनच्या डोक्यांवर नियंत्रण ठेवणारं. 1995 साली कळलं की या प्रथिनाच्या जनुकातल्या बदलांनी हृदयाची भिंत जाड होण्याचा आनुवंशिक आजार होतो. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह एका मोठ्या गटाने दाखवलं की त्याच जनुकातला 25 अक्षरांचा एक तुकडा गळलेला असण्याचं प्रमाण भारतीय उपखंडातल्या लोकांत शंभरात सुमारे चार आहे. तो तुकडा नसलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. पुढच्या संशोधनाने हा धोका सरसकट नसून सोबतच्या इतर बदलांवरही अवलंबून असल्याचं दाखवलं आहे. पण जेलवरची ती नकोशी पट्टी आपल्या घराघरांशी संबंधित आहे, हे खरं.

म्हणून या इतिहासातून मला एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. डॉक्टर घराण्याची माहिती विचारतात तेव्हा लोक मधुमेह, रक्तदाब सांगतात आणि बाकीचं सोडून देतात. तरुणपणी मैदानावर कोसळून गेलेला काका, पस्तिशीत झोपेतच गेलेली आत्या, धावताना अंधारी येणारा भाऊ, हे सांगण्याजोगं वाटत नाही. आयुष्य तेवढंच होतं, म्हणून तो विषय बंद झालेला असतो. तो उघडा. चाळिशीच्या आत कोणी असं अचानक गेलं असेल, तर उरलेल्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि इको करून घ्या. जाड झालेली भिंत इकोत दिसते. तिच्यावर आज गोळ्या आहेत, गरज पडल्यास धोकादायक ठोका मोडणारं यंत्र बसवता येतं, आणि 2022 पासून तर मायोसिनच्या डोक्यांचा अतिरेक थेट कमी करणारं औषधही अमेरिकेत मान्य झालं आहे. त्यातलं काय लागेल हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर गाळून टाकलेली ती माहिती आधी तुम्हीच सांगायला हवी.